साथीच्या काळात सिस्टर ड्युटीवर का येतात? प्लेगपासून कोविडपर्यंतचा इतिहास



या ब्लॉगवर आपण नेहमी आजार, तपासण्या, औषधं यांबद्दल बोलतो. आज विषय थोडा वेगळा आहे. औषध देणाऱ्या हातांबद्दल आहे.

कोविडच्या दिवसांत मला अनेकांनी एक प्रश्न विचारला होता, आणि अजूनही कुणी ना कुणी विचारतं. "डॉक्टर, एवढी भीती असताना या सिस्टर कामावर येत कशा होत्या?" विचारणारा बहुतेक वेळा उत्तरही स्वतःच देऊन टाकतो: "सेवाभाव हो, दुसरं काय!"

उत्तर चुकीचं नाही, पण अर्धवट आहे. आणि अर्धवट निदान जसं रुग्णाला महागात पडतं, तसं हे अर्धवट उत्तर आपल्याला दर साथीत महागात पडत आलं आहे. म्हणून आज जरा मागे जाऊन इतिहास बघू.

1897: पुण्यातला प्लेग

मुंबईत 1896 च्या सप्टेंबरात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी मांडवी भागात गाठीच्या प्लेगचं निदान केलं. काही महिन्यांत साथ पुण्यात पोहोचली. प्लेगचा जंतू 1894 मध्ये हाँगकाँगला सापडला होता, पण तो उंदरावरच्या पिसवांमुळे माणसापर्यंत येतो हे पॉल-लुई सिमाँ यांनी दाखवलं 1898 मध्ये. म्हणजे 1897 साली प्लेगच्या रुग्णाजवळ बसणाऱ्या माणसाला आपण कशामुळे मरू शकतो हेच ठाऊक नव्हतं. हवेतून? कपड्यातून? स्पर्शातून? 2020 च्या मार्चमध्ये आपली अवस्था आठवा. भाजीची पिशवी आपण सॅनिटायझरने पुसत होतो. अज्ञात शत्रूची भीती ही ज्ञात शत्रूच्या भीतीपेक्षा मोठी असते, आणि ती सगळ्यात आधी वाट्याला येते रुग्णाच्या उशाशी उभ्या असलेल्या माणसाच्या.

4 फेब्रुवारी 1897 रोजी साथरोग कायदा आला. पुण्यात रँडसाहेबाच्या हाताखाली गोरे सोजीर घराघरात घुसून रुग्ण शोधू लागले. लोक रुग्णालयाला इतके घाबरत की आजारी माणूस लपवून ठेवत. त्याआधी मुंबईत ऑक्टोबर 1896 मध्ये गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या साथरोग रुग्णालयावर हल्लाही केला होता. हेच रुग्णालय आज कस्तुरबा रुग्णालय म्हणून ओळखलं जातं, आणि 2020 मध्ये मुंबईतले पहिले कोविड रुग्ण तिथेच दाखल झाले.

अशा दिवसांत सावित्रीबाई फुले यांनी पुण्याबाहेर हडपसरजवळ सासाणे मळ्यात प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना उभा केला. त्यांचा दत्तक मुलगा डॉ. यशवंत सैन्यात नोकरीला होता, त्याला त्यांनी बोलावून घेतलं. तो औषधोपचार बघे, सावित्रीबाई रुग्ण आणत आणि त्यांची शुश्रूषा करत. मुंढव्याच्या गायकवाडांचा मुलगा पांडुरंग प्लेगने आजारी असल्याचं कळल्यावर त्याला पाठीवर घेऊन त्या दवाखान्यात आल्या. मुलगा वाचला. सावित्रीबाईंना प्लेग झाला आणि 10 मार्च 1897 रोजी, वयाच्या 66 व्या वर्षी, त्या गेल्या.

ही गोष्ट आपल्याला शाळेपासून माहीत आहे. पण ती सांगताना तीन तपशील आपण वगळतो. एक, तो दवाखाना त्यांचा स्वतःचा होता. तिथे कुठला रुग्ण घ्यायचा, कसं काम करायचं हे त्या ठरवत होत्या. दोन, निर्णय त्यांचा होता, कुणी ऑर्डर काढून त्यांना तिथे पाठवलं नव्हतं. तीन, सत्यशोधक विचाराने घडलेल्या आयुष्याचं ते पुढचं पाऊल होतं. दुष्काळात अन्नछत्रं चालवणाऱ्या, विधवांना आधार देणाऱ्या बाईने प्लेगच्या रुग्णाला पाठीवर घेणं यात तिच्या स्वतःच्या दृष्टीने नवल काहीच नव्हतं.

स्वतःची निवड, स्वतःचा अधिकार आणि कामाचा अर्थ या तीन गोष्टी सावित्रीबाईंकडे होत्या. आपण मात्र त्यांचं नाव घेतो, आणि यातली एकही गोष्ट हाती नसलेल्या, अकरा महिन्यांच्या करारावरच्या सिस्टरने मास्क मागितला की तिला म्हणतो, "सावित्रीबाईंनी काही मागितलं होतं का?" हा सावित्रीबाईंचाही अपमान आहे आणि त्या सिस्टरचाही.

नर्सिंग हा पेशा झाला तो पगारासकट

"पूर्वीच्या नर्सेस सेवा म्हणून करायच्या, आता पैशासाठी करतात" हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल. इतिहास काही वेगळंच सांगतो.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल 1854 मध्ये क्रिमियाच्या युद्धात 38 नर्सेस घेऊन स्कुटारीला गेल्या. या नर्सेसशी रीतसर करार झाला होता आणि त्यांना पगार होता. हातात कंदील घेतलेली देवी हे चित्र आपल्या मनात पक्कं बसलं आहे, पण नाइटिंगेल बाईंचा खरा जोर होता स्वच्छता, आकडेवारी, प्रशिक्षण आणि शिस्तबद्ध व्यवस्थेवर. 1860 मध्ये लंडनला त्यांनी नर्सिंगची शाळा काढली ती याच कारणासाठी. केवळ चांगल्या मनाने रुग्ण वाचत नाही, हे त्यांना स्वच्छ दिसलं होतं.

आपल्याकडे मुंबईत जे. जे. आणि कामा रुग्णालयात नर्सिंगचं शिक्षण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मूळ धरू लागलं. 1891 मध्ये प्रशिक्षणासाठी आलेल्या बाई काशीबाई गणपत यांचं नाव नर्सिंगच्या इतिहासाच्या पुस्तकांत पहिली भारतीय विद्यार्थिनी म्हणून येतं. पण प्लेग आला तेव्हा अशा शिकलेल्या बाया इतक्या थोड्या होत्या की इंग्लंडहून नर्सेस आणाव्या लागल्या.

मग 1909 मध्ये रमाबाई रानडे यांनी पुण्यात सेवासदन सुरू केलं. सेवासदनाने बायकांना, विशेषतः तरुण विधवांना, ससून रुग्णालयात नर्सिंग शिकायला पाठवलं. त्या काळी परक्या पुरुषाचं अंग पुसणं, कुठल्याही जातीच्या रुग्णाला हात लावणं हे 'चांगल्या घरच्या' बाईचं काम मानलं जात नव्हतं. तरी त्या गेल्या. का गेल्या? सेवेची ओढ होतीच. पण दिराच्या-भावाच्या घरी आश्रित म्हणून जगण्यापेक्षा स्वतःच्या कमाईवर उभं राहता येतं, हेही होतं. महाराष्ट्रात नर्सिंगच्या मुळाशीच सेवा आणि पगार हे दोन्ही एकत्र आहेत. सेवासदन हे नावही सेवेचं, आणि उद्देश स्वावलंबनाचा.

1918: जेव्हा नर्सच नव्हती

1918 च्या जूनमध्ये मुंबई बंदरावरून इन्फ्लुएन्झा देशात शिरला. पहिली लाट सौम्य गेली. सप्टेंबर-ऑक्टोबरमधली दुसरी लाट भयंकर होती. देशभरात सव्वा कोटीच्या आसपास ते पावणेदोन कोटी माणसं गेली असे वेगवेगळे अंदाज आहेत. आपला भाग तेव्हा मध्य प्रांतात होता. चिचगड ही भंडारा जिल्ह्यातली एक जमीनदारी, गोंदिया जिल्हा व्हायला अजून एक्याऐंशी वर्षं होती. मध्य प्रांत व वऱ्हाड हा देशात सर्वाधिक झळ बसलेल्या प्रांतांपैकी एक. त्यात त्या वर्षी पाऊस कमी, धान महाग.

डॉक्टर युद्धावर गेलेले आणि प्रशिक्षित नर्स खेड्यात कधी पोहोचलीच नव्हती. मग शुश्रूषा कुणी केली? घरातल्या बाईने. सासूचं डोकं दाबलं, नवऱ्याला पेज पाजली, लेकरांचं अंग पुसलं, आणि शेवटी स्वतः अंथरूण धरलं तेव्हा पाणी द्यायला कुणी उरलं नाही.

जगात अनेक ठिकाणी या फ्लूने तरुण पुरुष जास्त मेले. भारतात मात्र तरुण वयोगटात बायकांचे मृत्यू पुरुषांपेक्षा जास्त झाले. 1921 च्या जनगणनेच्या वेळीच हे लक्षात आलं होतं, आणि त्याचं एक कारण असं सांगितलं गेलं की आजाऱ्यांची सेवा बायकाच करत होत्या आणि स्वतः आजारी पडल्यावर त्यांना विश्रांती नव्हती. वैद्यकीय भाषेत सांगायचं तर जवळून, पुन्हा पुन्हा, तासन्‌तास संसर्ग, त्यात अपुरं पोषण आणि शून्य आराम.

या बायकांना कुणी 'मोटिव्हेशन' विचारलं नाही. त्यांच्यापुढे पर्यायच नव्हता. निवड नसलेल्या, संरक्षण नसलेल्या सेवेची किंमत किती असते, ते 1918 ने आकड्यांत दाखवून दिलं.

पुढे 1946 च्या भोर समितीच्या अहवालात देशात जेमतेम 7,000 नर्सेस असल्याची नोंद आहे, म्हणजे साधारण 43,000 लोकांमागे एक. आज आपल्या उपकेंद्रात एएनएम ताई आहे, गावात आशाताई आहे. 1918 आणि 2020 यांच्यात सगळ्यात मोठा फरक कुठला असं मला विचाराल, तर मी व्हेंटिलेटरच्या आधी या बायांचं नाव घेईन.

मानसशास्त्र काय सांगतं?

इथे थोडा शास्त्राचा भाग बघू. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी 1959 मध्ये कामाच्या प्रेरणेवर एक साधा पण महत्त्वाचा विचार मांडला. त्यांच्या मते दोन वेगळ्या गोष्टी असतात.

पहिली: पगार, सुरक्षितता, नोकरीची शाश्वती, कामाची जागा, वरिष्ठांची वागणूक. या गोष्टी नसल्या की माणूस नाराज होतो. असल्या म्हणून उत्साही होतोच असं नाही.

दुसरी: कामातला अर्थ, जबाबदारी, काही साधल्याचं समाधान, कौतुक, पुढे शिकण्याची संधी. यातून उत्साह येतो.

मी रुग्णांना समजावतो तसं सांगतो. पहिला गट म्हणजे सलाइन आणि दुसरा म्हणजे टॉनिक. डिहायड्रेशन झालेल्या रुग्णाला टॉनिकची बाटली देऊन उपयोग नाही. आधी सलाइन लावावं लागतं. साथीत आपण काय करतो? सलाइन बाजूला ठेवून टॉनिक पाजत सुटतो. टाळ्या, थाळ्या, 'कोविड योद्धा' लिहिलेलं प्रमाणपत्र.

2020: टाळ्या आणि घरमालक

योगायोग असा की 2020 हे वर्ष जागतिक आरोग्य संघटनेने नर्स आणि मिडवाइफ यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केलं होतं. नाइटिंगेल बाईंची द्विशताब्दी होती. 7 एप्रिलला संघटनेचा अहवाल आला: जगात 2 कोटी 79 लाख नर्सेस आहेत आणि आणखी 59 लाखांची गरज आहे.

महाराष्ट्रातले पहिले कोविड रुग्ण 9 मार्च 2020 रोजी पुण्यात सापडले आणि नायडू रुग्णालयात दाखल झाले. 22 मार्चला संध्याकाळी पाच वाजता सगळ्या देशाने टाळ्या वाजवल्या. माझ्या माहितीतल्या अनेक सिस्टरना तेव्हा खरोखर बरं वाटलं, हे मी खोटं सांगणार नाही. कौतुक हे औषध आहेच.

पण त्याच दिवसांत शहरोशहरी घरमालक नर्सेसना खोली रिकामी करायला सांगत होते. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मुंबईतल्या एका मोठ्या खासगी रुग्णालयात 26 नर्सेस आणि 3 डॉक्टर बाधित निघाले आणि रुग्णालय बंद करावं लागलं. मे महिन्यात कोलकात्याच्या खासगी रुग्णालयांतून तीनशेहून अधिक नर्सेस राजीनामे देऊन मणिपूर आणि इतर राज्यांत आपापल्या घरी निघून गेल्या. त्यांचा सेवाभाव एका आठवड्यात आटला का? कामाचा ताण, संरक्षणाची भीती, पगाराच्या तक्रारी, शेजाऱ्यांचा बहिष्कार आणि घरून येणारे आईवडिलांचे फोन, हे सगळं एकत्र आलं होतं.

सरकारने काही पावलं उचलली, तीही सांगायला हवीत. मार्च 2020 मध्ये आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी 50 लाखांचं विमा संरक्षण जाहीर झालं. 22 एप्रिलला 1897 च्याच साथरोग कायद्यात दुरुस्ती करणारा अध्यादेश निघाला आणि आरोग्य कर्मचाऱ्यावरचा हल्ला हा अजामीनपात्र गुन्हा ठरला. प्लेगच्या काळात लोकांवर सक्ती करण्यासाठी केलेल्या कायद्यात, सव्वाशे वर्षांनी, रुग्णसेवा करणाऱ्याच्या संरक्षणाचं कलम आलं.

आमच्या भागात काय दिसलं

चिचगड, ककोडी, देवरी हा पट्टा जंगलाचा आणि छत्तीसगडच्या सीमेचा. लॉकडाऊनमध्ये नागपूरकडून रायपूरकडे जाणाऱ्या महामार्गावर मजुरांची रांग देवरीजवळच्या शिरपूर नाक्यातून पायी जात होती. त्यांचं तापमान बघायला उन्हात उभ्या होत्या त्या बहुतेक आरोग्यसेविका आणि आशाताईच.

विदर्भातला मे महिना तुम्हाला सांगायला नको. त्या उन्हात पीपीई किट घातलं की सहा तास पाणी नाही, लघवीला जाणं नाही. पाळीच्या दिवसांत काय होत असेल याचा विचार किट बनवणाऱ्याने केला नव्हता. मूत्रमार्गाचा संसर्ग, घामोळ्या, चक्कर, नाकावर मास्कचे वळ, हे मी स्वतः तपासलेले त्रास आहेत. दुसऱ्या लाटेत, एप्रिल 2021 मध्ये, ऑक्सिजन कमी आणि रुग्ण जास्त अशी वेळ आली, तेव्हा शरीराच्या थकव्यापेक्षा मनाचा थकवा मोठा झाला.

या थकव्याला 'बर्नआउट' म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात त्याची तीन लक्षणं दिली आहेत: ऊर्जा संपल्यासारखं वाटणं, कामाबद्दल मन तुटणं किंवा कडवट होणं, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असं वाटणं. कधी एखादी सिस्टर तुमच्यावर तुसडेपणाने बोलली असेल, तर ते दुसरं लक्षण असू शकतं. स्वभाव म्हणून सोडून देऊ नका.

मी तेव्हा बऱ्याच जणींना विचारलं, की तुम्ही येता कशा? "देशासाठी" असं उत्तर फार कमी जणींनी दिलं. बहुतेक उत्तरं साधी होती. मी नाही आले तर माझी ड्युटी मैत्रिणीवर पडते. गावातले लोक माझ्या ओळखीचे आहेत, गोंडीत बोललं की म्हातारी सुई टोचून घेते. घरी सासू लेकरांना सांभाळते म्हणून जमतं. पगार वेळेवर आला तर बरं होईल.

सोबतीण, ओळखीचा रुग्ण, घरचा आधार, वेळेवर पगार. प्रेरणेवरचं जाड पुस्तक या चार वाक्यांत बसतं.

ऐकून घेणं हेही संरक्षण

एक गोष्ट राहिली. 2003 मध्ये सार्सची साथ आली तेव्हा जगभरातल्या सुमारे 8,100 रुग्णांपैकी पाचवा हिस्सा आरोग्य कर्मचारी होते. कॅनडातल्या टोरांटोत पहिली लाट ओसरली असं प्रशासनाने ठरवलं, मास्कचे नियम सैल केले. तिथल्या एका रुग्णालयातल्या नर्सेस सांगत होत्या की सार्ससारखे रुग्ण अजून वॉर्डात दिसत आहेत. त्यांचं ऐकलं गेलं नाही. दुसरी लाट आली. पुढे न्यायमूर्ती आर्ची कॅम्पबेल यांच्या आयोगाने आपल्या अहवालात हे स्पष्ट नोंदवलं आणि बजावलं की पूर्ण शास्त्रीय पुरावा मिळेपर्यंत कर्मचाऱ्यांच्या संरक्षणासाठी थांबू नका.

चोवीस तास रुग्णाजवळ नर्स असते. ताप चढला, श्वास वाढला, वॉर्डात काहीतरी वेगळं चाललंय, हे तिला डॉक्टरच्या आधी कळतं. तिचं ऐकून घेणं यात रुग्णाचा फायदा आहे, आणि "माझ्या सांगण्याला किंमत आहे" ही भावना तिच्या कामाची मोठी प्रेरणाही आहे.

साथ गेल्यावर

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जानेवारी 2020 ते मे 2021 या काळात जगात 80 हजार ते 1 लाख 80 हजार आरोग्य कर्मचारी कोविडने गेले असावेत. साथ ओसरल्यावर कंत्राटावर घेतलेल्या अनेकींना कार्यमुक्तीचा कागद मिळाला. 2021 च्या जूनमध्ये राज्यातल्या आशाताईंना मानधनासाठी संप करावा लागला, तेव्हा कुठे जुलैपासून महिन्याला 1,000 रुपये वाढ आणि 500 रुपये कोविड भत्ता मिळाला. मे 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या आशाताईंचा जागतिक पुरस्काराने गौरव केला, आणि त्याच महिन्यात महाराष्ट्रातल्या सरकारी रुग्णालयांतल्या नर्सेस बाह्यस्रोत भरतीच्या विरोधात संपावर गेल्या.

काही जण म्हणाले, "योद्धे कुठे संप करतात का?" योद्ध्याला रसद लागते, निवृत्तिवेतन लागतं, हे आपण सैनिकाच्या बाबतीत मान्य करतो. इथेच का अडतं?

थोडक्यात

- सेवाभाव खरा आहे. तो आटू शकतो. त्याला पोषण लागतं.
- आधी संरक्षण, वेळेवर पगार, विश्रांती आणि घरच्यांची काळजी. कौतुक त्यानंतर.
- कामाचा अर्थ आणि निर्णयात आवाज मिळाला तर नर्स संकटातही टिकून राहते.
- नोकरीची शाश्वती साथीच्या आधीच द्यायची असते. आग लागल्यावर विहीर खणून भागत नाही.

आपण काय करू शकतो?

धोरण सरकारच्या हातात आहे, पण गावाच्या हातातही बरंच आहे. गावात बदलून आलेल्या सिस्टरला भाड्याने नीट खोली द्या. रात्री-बेरात्री बाळंतपणासाठी बोलावलं तर तिला आणा आणि घरापर्यंत सोडाही. उपकेंद्रात पाणी आणि वापरता येईल असं शौचालय आहे का, हे ग्रामसभेत विचारा. ती लसीकरणाला आली तर तिला सावलीत बसायला खुर्ची द्या. ती काही सूचना करत असेल तर ऐका. आणि तिने हक्काचा पगार मागितला, तर तिला सावित्रीबाईंचं नाव सांगून गप्प बसवू नका.

पुढची साथ कधी येईल हे मला सांगता येणार नाही. पण ती येईल तेव्हा आपल्या उशाशी कोण उभं असेल, हे आजच्या या साध्यासुध्या गोष्टींवर ठरणार आहे.

काळजी घ्या, आणि काळजी घेणाऱ्यांचीही काळजी घ्या.